कुत्र्यावर ससा

आमच्या शनिवार पेठेत ससा आणि कुत्रा या जोडीला भलताच मान आहे. पहिल्या बाजीरावांनी म्हणे इथे एक ससा कुत्र्याच्या मागे लागलेला पाहिला आणि वाडा इथेच बांधायचा असं ठरवलं. शनिवारवाड्याचा पाया १० जानेवारी १७३० ला घातला गेला हा इतिहास. सशाची मात्र दंतकथा. अहमदाबाद आणि विजयनगर या शहरांच्या जन्माचीही हीच गोष्ट सांगतात, तेव्हा ससे फारच शूर असले पाहिजेत! वर्गात मी ही गोष्ट नेहमी सांगायचे, पण "पेपरात लिहू नका" अशी ताकीद देऊन.

आज सशाची आठवण यायचं कारण म्हणजे आमच्या नात्यातला एक तरुण. (तो हा ब्लॉग वाचतो, म्हणून नाव घेत नाही.) सुप्याच्या बाजूला त्याने थोडी जमीन घेतली आहे आणि आता त्याला कुत्रा हवा आहे. साधासुधा नाही, 'ग्रेहाउंड आणि कारवानीचा क्रॉस'. कशासाठी, तर सशाच्या शिकारीला. पिल्लासाठी आगाऊ पैसे द्यायच्या बेतात आहे. माझं मत त्याने विचारलेलं नाही, पण चाळीस वर्षं शिकवलेल्या बाईला विचारावं लागत नाही.

त्याने वाचलंय ते सगळं विलायती. इंग्लंडात अशा मिश्र कुत्र्याला 'लर्चर' म्हणतात. ग्रेहाउंडचा वेग घ्यायचा आणि त्यात मेंढपाळी कुत्र्याची अक्कल किंवा टेरियरची चिकाटी मिसळायची. पण तिथला बिळात राहणारा 'रॅबिट' आपल्या रानात नाहीच. आपला ससा म्हणजे 'हेअर'. तो बीळ करत नाही, गवतात दबून बसतो आणि अगदी पायाशी आल्यावर उसळी मारून पळतो. रॅबिटची पिल्लं उघडी-नागडी, डोळे मिटलेली जन्मतात. आपल्या सशाची पिल्लं केसांसकट आणि डोळे उघडे ठेवून. मराठीत दोघांना एकच शब्द, त्यामुळे हा घोटाळा. खुद्द इंग्लंडच्या २००४ च्या कायद्यानेही हेअरमागे कुत्रे सोडायला बंदी केली. रॅबिटला मात्र, जमीनमालकाची परवानगी असेल तर, सूट ठेवली. म्हणजे ज्यांचं बघून आपण शिकणार, त्यांनीच आपल्या सशाला वगळलेलं!

आपल्याकडे तर १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे. त्यात शिकारीची व्याख्या फक्त बंदुकीपुरती नाही. पाठलाग करणं, हाकणं, फासे लावणं हे सगळं त्यात येतं. "मी कुठे मारला, कुत्र्याने धरला" ही सबब चालत नाही. शेत आपलं असलं म्हणून त्यातला ससा आपला होत नाही.

आणि सुप्याजवळच मयूरेश्वर अभयारण्य आहे, चिंकारांसाठी राखलेलं. नजरेने शिकार करणारा कुत्रा एकदा सुटला की पळणारं जे दिसेल त्याच्या मागे जातो. हा ससा, हे चिंकाराचं पाडस, असा विचार तो करत नाही. त्याच माळावर लांडगेही आहेत. पुण्याजवळच्या माळरानावर लांडगा आणि कुत्रा यांचा संकर झाल्याचं २०२३ मध्ये जनुकीय तपासणीतून सिद्ध झालं. आपला 'क्रॉस' आपण ठरवतो तेवढ्यावर थांबत नाही तो असा.

आता कुत्र्याचं. शिकार सोडून दिली तरी त्याला कुत्रा हवाच आहे, आणि ते मला मनापासून आवडलं. पण मग क्रॉस कशाला? ग्रेहाउंड म्हणजे थोड्या अंतराचा, सपाट मैदानाचा धावपटू. कातडी पातळ, अंगावर चरबी नाही. आपला दगडगोट्यांचा माळ आणि वैशाखातलं ऊन त्याच्यासाठी नव्हे. कारवानी इथलाच. लांब पाय, खोल छाती, आत गेलेलं पोट, आणि दमाला पक्का. काफिल्यांबरोबर आला म्हणून कारवानी. लांब रेशमी केसांचा असेल तर पश्मी. मुधोळच्या घोरपड्यांनी तो नावारूपाला आणला, म्हणून मुधोळ हाउंड. गंमत म्हणजे एक केनेल क्लब त्याची नोंद 'कॅरव्हान हाउंड' म्हणून करतो, तर दुसरा 'मुधोळ हाउंड' म्हणून. २००५ मध्ये त्याचं टपाल तिकीटही निघालं, पुढे लष्करानेही त्याला घेऊन पाहिलं. शेकडो वर्षं धनगरांनी आणि शेतकऱ्यांनी सांभाळलेलं हे वाण, त्यात चार पैशांसाठी विलायती रक्त मिसळायचं! पहिली वीत देखणी निघेलही. त्यांची पिल्लं कशी निघतील ते विकणाराही सांगू शकत नाही, आणि अस्सल मादी मात्र त्या वर्षी अस्सल पिल्लांना मुकते.

खंडोबाच्या पायाशीही कुत्रा असतोच की. त्याची जात कुणी विचारली आहे का?

तेव्हा बाळा, आगाऊ पैसे देऊ नकोस. पिल्लू घ्यायचंच तर आई-बाप दोन्ही डोळ्यांनी बघून घे, दोन महिन्यांच्या आतलं घेऊ नकोस, रेबीजची लस वेळेवर टोच. आधी कुंपण घाल, चांगलं सहा फुटी. हा कुत्रा चार फूट सहज ओलांडतो. पळायला रोज मोकळीक दे, पण कुंपणाच्या आत. दोरीला चिंधी बांधून ओढलीस तरी तो तिच्यामागे जीव खाऊन धावेल. आणि पुण्यातल्या दोन खोल्यांत तर त्याला आणूच नकोस, तुझी आई मला फोन करते.