मुख्याध्यापक वर्गात कधी बसणार?

नवी मुंबईत शाळेचा विषय निघाला की पहिला प्रश्न बोर्डाचा. एसएससी, सीबीएसई की आयसीएसई? मग इमारत, मैदान, बसची फी. शिकवतं कोण, हा प्रश्न पुष्कळ उशिरा येतो. आणि शिकवणाऱ्याला शिकतं कोण ठेवतं, हे विचारायचं कुणाच्या मनातही येत नाही. १ जानेवारी १९९२ रोजी महापालिका अस्तित्वात आली, पुढे ठाणे जिल्हा परिषदेच्या शाळा तिच्याकडे आल्या. इतर शहरांत पालिकेच्या शाळा ओस पडत असताना इथल्या शाळांनी पट टिकवला. पालिकेला हे श्रेय दिलंच पाहिजे. पण पट टिकणं निराळं आणि पटावरच्या पोराला वजाबाकी येणं निराळं.

शिक्षकाला शिकतं ठेवणं हे मुख्याध्यापकाचं काम, असं माझं म्हणणं. त्याविरुद्धच्या पूर्वपक्षातला सर्वांत लोकप्रिय युक्तिवाद असा: अभ्यासक्रम बदला, डिजिटल फळे लावा, मुलं आपोआप शिकतील. पालिकेने कोपरखैरणे आणि सीवूड्सला सीबीएसईच्या शाळा काढल्या, प्रवेशासाठी सोडती काढण्याची वेळ आली. पालकांनी गर्दी केली यात त्यांची चूक काहीच नाही. गरिबाच्या मुलाला फुकट सीबीएसई मिळावं ही मागणी रास्तच आहे. पण पुढे कोपरखैरण्याच्या पालकांना शिक्षक द्या म्हणून आवाज उठवावा लागला. बोर्ड आलं होतं, माणसं अपुरी होती. यावर अधिक लिहिण्याची गरज नाही.

दुसरा आक्षेप जरा वजनदार आहे. शाळा शिक्षकांवर चालते, मुख्याध्यापक हा प्रशासक. त्याने कागद सांभाळावेत, शिक्षकांच्या वाटेला जाऊ नये, असं पुष्कळ शिक्षकही म्हणतात. आपली व्यवस्था तर हेच गृहीत धरून चालते. मुख्याध्यापकाचा दिवस पाहा. पोषण आहाराची रोजची नोंद, यूडायस प्लस, आधार जुळत नसलेल्या मुलांची यादी, अपार आयडी, शिष्यवृत्तीचे अर्ज, ‘माझी शाळा, सुंदर शाळा’चे फोटो अपलोड. निवडणूक आली की निम्मे शिक्षक याद्यांच्या कामाला. मधेच व्हॉट्सॲपवर फर्मान: माहिती आज दुपारी ४ पर्यंत द्यावी, अत्यंत तातडीचे. या शाळा बऱ्याचदा दोन सत्रांत चालतात, म्हणजे सकाळची पोरं जाईपर्यंत दुपारची दारात उभी. त्यात छोट्या शाळांना स्वतंत्र मुख्याध्यापकच नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टानुसार पहिली ते पाचवीला पट १५०च्या वर असेल तरच ते पद मिळतं. बाकी ठिकाणी एखाद्या शिक्षकाच्या गळ्यात ‘प्रभारी’ची माळ पडते आणि तो दोन्हीकडून सुटतो: ना धड वर्ग, ना धड कारभार.

मग मुख्याध्यापकामुळे मुलांच्या शिकण्यात खरंच फरक पडतो का? न्यूझीलंडच्या विव्हियन रॉबिन्सन आणि सहकाऱ्यांनी २००८ साली याच प्रश्नावरचे उपलब्ध अभ्यास एकत्र करून तपासले. शाळाप्रमुख जी निरनिराळी कामं करतो, त्यांतलं कोणतं मुलांच्या शिकण्यापर्यंत पोहोचतं, हे त्यांनी मोजलं. साधनं मिळवणं, शिस्त राखणं यांचा परिणाम माफक निघाला. सर्वांत मोठा परिणाम, ०.८४, निघाला एका गोष्टीचा: शिक्षकांच्या शिकण्याला चालना देणं आणि त्यात स्वतः सहभागी होणं. हा आकडा मोजक्या अभ्यासांवर उभा आहे, त्यामुळे तो देव्हाऱ्यात बसवायचं कारण नाही. पण दिशा स्पष्ट आहे. साधनांमागे धावणारा मुख्याध्यापक बिनकामाचा नव्हे. फक्त आपण त्याच्याकडून दिवसभर जी कामं करवून घेतो, ती मुलांपर्यंत सर्वांत कमी पोहोचणारी आहेत. वही घेऊन वर्गात मागच्या बाकावर बसायला मात्र त्याला तासभर मिळत नाही.

खरा पेच तिसऱ्या आक्षेपात आहे, आणि तो मला निम्मा मान्यच आहे. ‘प्रशिक्षणं उदंड झाली हो. निष्ठा झालं, दीक्षा झालं, शिक्षण परिषदा झाल्या. काय फरक पडला?’ फारसा नाही. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शिक्षकाने वर्षाला ५० तास प्रशिक्षण घ्यावं असं म्हटलं आहे. तास मोजता येतात म्हणून तेच मोजले जातात. आपल्याकडे १२ वर्षांनी वरिष्ठ वेतनश्रेणी, २४ वर्षांनी निवडश्रेणी. त्यासाठी प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र लागतं. ते ऑनलाइन झाल्यावर रात्री जेवणानंतर मोबाईलवर व्हिडिओ चालू ठेवून भांडी आवरणारे शिक्षक कमी नव्हते. त्यांना हसू नये. ज्या प्रशिक्षणाचा उद्याच्या तासाशी संबंध नाही, त्यासाठी शहाणा माणूस जागरण कशाला करेल? अमेरिकेसारख्या श्रीमंत देशातही हेच. २०१५ साली टीएनटीपी या संस्थेने काही मोठ्या शालेय जिल्ह्यांचा हिशेब मांडला, तर दर शिक्षकामागे वर्षाला सुमारे १८,००० डॉलर खर्चूनही बहुतेकांच्या अध्यापनात म्हणण्यासारखी सुधारणा आढळली नाही.

आक्षेपकाच्या बाजूने आणखी एक पुरावा मीच देतो, कारण तो माझ्या म्हणण्याला थेट भिडणारा आहे. मध्य प्रदेशात शाळांचं व्यवस्थापन सुधारण्याचा मोठा प्रयोग झाला. कार्तिक मुरलीधरन आणि अभिजीत सिंग यांनी तो यादृच्छिक पद्धतीने निवडलेल्या १,७७४ शाळांत तपासला. शाळांचं मूल्यमापन झालं, गुणांकन झालं, शाळानिहाय सुधारणा आराखडे तयार झाले. जवळपास सगळ्यांनी सगळं भरून दिलं. मुलांच्या शिकण्यावर परिणाम शून्य. तरीही कार्यक्रम यशस्वी ठरला आणि देशातल्या ६ लाखांहून अधिक शाळांपर्यंत नेला गेला! अभ्यासकांनी एक गोष्ट नोंदवली आहे: यात जबाबदारी किंवा प्रोत्साहनाच्या रचनेला हात लावलेला नव्हता. माझं वाचन याहून थोडं पुढे जातं. आराखडा कपाटात गेला आणि वर्ग होता तसाच राहिला. यावरून नेतृत्व निरुपयोगी असं सिद्ध होत नाही. कागदावरचं नेतृत्व निरुपयोगी, एवढंच सिद्ध होतं.

मग कागदाबाहेरचं कसं असतं? तिसरीच्या गणिताची वही घ्या. ५२ वजा २७, पोराने उत्तर लिहिलंय ३५. बाईंनी लाल शाईने फुली मारली, शेजारी ‘लक्ष दे’. पण पोराने लक्ष दिलंच होतं. त्याने एककाच्या घरात मोठ्यातून लहान वजा केला, ७तून २ गेले ५. दशकाच्या घरात ५तून २ गेले ३. त्याचा नियम पक्का आहे, फक्त चुकीचा आहे. आता मुख्याध्यापिकेने तिन्ही तुकड्यांच्या वह्या एका टेबलावर मांडल्या, तर ‘अ’ आणि ‘क’मध्ये बारा-पंधरा वह्यांत हीच चूक दिसेल आणि ‘ब’मध्ये जेमतेम दोनांत. म्हणजे ‘ब’च्या बाई काहीतरी वेगळं करतात. त्या दहा काड्यांचा गठ्ठा सोडून पोरांकडून सुट्या करून घेतात, आणि तो आठवडाभर फळ्यावर हातच्याचं नावही काढत नाहीत. शनिवारी शाळा सुटल्यावर चाळीस मिनिटं तिघी बसल्या, मंगळवारी मुख्याध्यापिका ‘क’च्या तासाला मागे बसली, पुढच्या शनिवारी पुन्हा वह्या. याला प्रशिक्षण म्हणतात. याला सभागृह लागत नाही, चहा-नाश्त्याचं बिल लागत नाही, आणि प्रमाणपत्र तर नाहीच. जपानच्या शाळांत शिक्षकांनी एकमेकांचे पाठ पाहून त्यावर चर्चा करण्याची जुनी रीत आहे, तीही थोडीफार अशीच.

पुण्यात तयार झालेला प्रशिक्षणाचा घटकसंच हे करू शकत नाही. दिघा-रबाळ्याच्या डोंगरपायथ्याच्या वस्तीतल्या वर्गात एका बाकावर घरी गोरमाटी बोलणारं मूल, दुसऱ्यावर भोजपुरी, तिसऱ्यावर कन्नड. त्यांची गाडी नेमकी कुठे अडते हे त्या वर्गात बसल्याशिवाय कळायचं नाही.

इथे कुणी तरी दत्तात्रय वारे गुरुजींचं नाव घेतं, आणि घ्यावंच. शिरूर तालुक्यातली वाबळेवाडीची जिल्हा परिषद शाळा त्यांनी नावारूपाला आणली; मग खेड तालुक्यातल्या जालिंदरनगरला गेले, आणि २०२५ साली त्या शाळेला टी४ एज्युकेशनच्या जागतिक स्पर्धेत लोकपसंतीचा पुरस्कार मिळाला. एक माणूस दोन वेगवेगळ्या गावी शाळा उभी करतो, यापेक्षा नेतृत्वाचा ढळढळीत पुरावा कुठला हवा? पण यातून ‘असा एक वारे आम्हालाही द्या’ हा जो निष्कर्ष निघतो, तो मला घातक वाटतो. वीरपुरुषाची वाट पाहणं म्हणजे स्वतः काही न करण्याची सोय.

म्हणून मला साताऱ्याचं कुमठे बीट जास्त शिकवून जातं. विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि त्यांच्या बीटमधल्या शिक्षकांनी एका शाळेत नव्हे, बीटमधल्या सगळ्या शाळांत काम उभं केलं. २०१५च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’च्या काळात ते पाहायला राज्यभरातून शिक्षकांच्या झुंडी गेल्या. परतताना काय आणलं? फरशीवरचे रंग. महाराष्ट्रभर वर्गांच्या फरशांवर संख्यारेषा आणि बाराखड्या रंगल्या, कारण फरशीचा फोटो निघतो. शिक्षकांनी एकेका मुलाचा विचार करत एकत्र बसण्याचा फोटो निघत नाही. तो भाग बहुतेकांनी तिथेच ठेवला. दोष रंगाचा नाही. विस्तार अधिकाऱ्याने तपासणी सोडून शिक्षकांबरोबर शिकायला बसावं, अशी सोय आपण इतरत्र केलीच नाही.

शेवटचा आक्षेप शिक्षक संघटनांचा: मुख्याध्यापक वर्गात बसू लागला की ती पाळत होईल, गोपनीय अहवालाचं हत्यार होईल. ही भीती खोटी नाही, विशेषतः ठोक मानधनावरच्या शिक्षकासाठी, ज्याचं पुढचं वर्षही पक्कं नसतं. म्हणून दोन गोष्टी लेखी ठरवाव्यात. वर्गभेटीची टिपणं शिक्षकाच्या सेवा-नोंदीत जाणार नाहीत. आणि मुख्याध्यापकाने महिन्यातून एक पाठ स्वतः घ्यायचा, बाकीच्यांनी मागे बसायचं. हे करायला त्याला वेळ हवा, म्हणजे ऑनलाइन माहिती भरायला शाळेमागे एक लिपिक हवा, आणि बसवलेली घडी मधेच बदलीने मोडू नये. फेब्रुवारीत पालिकेचं अंदाजपत्रक मांडलं जातं. त्यात शिक्षण विभागाच्या पानावर इमारती, गणवेश, डिजिटल साधनं यांच्या ओळी असतील. लिपिकाची ओळ तिथे आहे का, एवढं नगरसेवकांनी आणि पालकांनी यंदा विचारून बघावं.