खांदेरीचा विजय आणि कृष्णाकाठ

खांदेरीच्या विजयाला २०२९ साली ३५० वर्षे पूर्ण होतील. त्या निमित्ताने सातारा-सांगलीकडेही मिरवणुका निघाल्या, पोवाडे गायिले गेले, तर ते उचितच होईल. परंतु १६७९ मध्ये तो विजय कशाच्या बळावर मिळाला, याचा विसर उत्सवात पडू नये. इंग्रजांची जहाजे मोठी, तोफा जबर; मराठ्यांच्या होड्या लहान, उथळ पाण्यात चालणाऱ्या. वारा पडला की जहाजे खोळंबत, आणि आमचे नावाडी रातोरात वल्ह्यांच्या जोरावर बेटावर रसद पोहोचवीत. पाण्याची जाण आणि हाताचा सराव, हेच त्यांचे खरे शस्त्र होते.

त्याच महाराष्ट्रात २०१९ च्या महापुरात सांगली जिल्ह्यातील ब्रह्मनाळ येथे पूरग्रस्तांना घेऊन निघालेली होडी उलटली आणि अनेकांना जलसमाधी मिळाली. दर्यावर्दी पराक्रमाचा वारसा सांगणाऱ्यांना हे शोभणारे आहे काय? उत्सवाच्या खर्चातील एक वाटा कृष्णाकाठच्या गावांना भक्कम नावा, जीवरक्षक जाकिटे आणि शिकलेले नावाडी पुरविण्यासाठी काढावा. खांदेरीचे याहून उचित स्मारक दुसरे कोणते?