हातांचा गुंता सुटला, पुढे काय?



गटाच्या प्रशिक्षणात हल्ली भाषणाआधी खेळ असतो. आठ-दहा जण गोल उभे राहतात, समोरच्यांचे हात धरतात आणि हात न सोडता गुंता सोडवतात. कोणी म्हणतो, पोरखेळ आहे. कोणी म्हणतो, याने गाव एक होईल. आम्हाला दोन्ही पटत नाही.

इंडोनेशियात भातावर औषधे मारून मारून तुडतुडे माजले, तेव्हा १९८६ साली सरकारने ५७ कीटकनाशके भातावर बंद केली. १९८९ पासून तिथे शेतीशाळा भरू लागल्या. पंचवीस-तीस शेतकरी आठवड्याला बांधावर जमत, पाच-पाच जण मिळून कीड आणि मित्रकीटक मोजत आणि फवारायचे की नाही ते सर्वांसमोर ठरवत. खेळ होते ते न बोलणाऱ्याचे तोंड उघडावे म्हणून. निर्णय पीक पाहूनच होई. १९९९ ते २००४ या काळात हीच पद्धत कापसासाठी भारतासह आशियातील सहा देशांत राबवली गेली.

खेळ ठेवला आणि मोजणी सोडली, तर उरते ती करमणूक.

गुलाबी बोंडअळीला सातबारा कळत नाही. तुम्ही डिसेंबरअखेर पऱ्हाटी उपटली आणि शेजाऱ्याने मार्चपर्यंत फरदड ठेवली, तर त्याच्या बोंडात जगलेली अळी पुढच्या हंगामात दोघांनाही बुडवते. २०१७ साली विदर्भ-मराठवाड्याने हे भोगले आहे. पण फरदड ठेवणारा काही वेडा नसतो. दोन वेचे जास्त निघाले तर दुकानाची उधारी फिटेल, हा त्याचा हिशेब असतो. तो हिशेब गटासमोर मांडायची त्याला लाज वाटू नये, एवढा भरवसा हवा. हात धरून तो येत नाही. सावडीत तो होता, कारण आज माझे बैल तुझ्या रानात आले की उद्या तुझे माझ्या रानात येत. फेड डोळ्यांसमोर होई.

म्हणून आमचे म्हणणे असे. खेळाला पंधरा मिनिटे द्या, मग शिवारात चला. एकरी दोन कामगंध सापळे लावा आणि पतंगांचे आकडे सभेत वाचा. सलग तीन रात्री सापळ्यात आठ-आठ पतंग आले, किंवा दहा बोंडांत एक किडके निघाले, तर फवारणी सगळ्यांनी मिळून करा. पऱ्हाटी उपटायची तारीख गावाने ठरवावी. त्या तारखेने ज्याची उधारी अडते, त्याची वाट त्याच बैठकीत काढावी.

हे ज्या गावात होईल, तिथला गुंता खरा सुटला असे आम्ही समजू.