फणसाचा बिझनेस करायचाय? आधी सांगा, कुठला फणस?

मित्रांनो, सीझन जवळ आला की मेसेज सुरू होतात: "सर, फणसाचे चिप्स काढायचेत, मशीन कुठलं घेऊ?" मशीनचं नंतर बघू. माल कापा आहे की बरका?

कोकणातल्या मंडळींना हे सांगायची गरज नाही, पण घाटावरच्यांसाठी सांगतो. कापा म्हणजे कडक गरा, दाताखाली कुरकुरणारा. बरका म्हणजे मऊ, रसाळ, सरळ घशाखाली उतरणारा. शास्त्राच्या पुस्तकात दोघांचं नाव एकच, पण गल्ल्यावर बसलात की हे दोन वेगळे माल आहेत. पिकलेले गरे डब्यात भरून पुण्या-मुंबईला पाठवायचे तर कापाच हवा. बरका पाठवलात तर पोचेपर्यंत लगदा, आणि गिऱ्हाईक परत फोन उचलणार नाही. पण त्याच बरक्याचा रस वाळवून फणसपोळी होते, आणि ती महिनोन्‌महिने टिकते!

माझं स्पष्ट मत आहे, बरक्याला हलका माल समजणं ही धंद्याची चूक आहे. सगळे कापा मागतात, मग बरक्याचा भाव पडतो, आणि मालकाला वाटतं की झाड तोडून लाकूड विकलेलं बरं. फणसाच्या लाकडाला गिऱ्हाईक मिळतंच. एवढं जुनं झाड गेलं की तुमचा कच्चा मालही गेला.

आता नर्सरीवाल्यांसाठी, थोडं कडू लागेल. आठळीपासून केलेलं रोप आईच्याच गुणाचं निघेल याची खात्री नसते, कारण फणसात परपरागीभवन होतं. तरी "कापा आहे, घेऊन जा" म्हणून सर्रास विकतात. घेणाऱ्याला खरं काय ते सात-आठ वर्षांनी, फळ कापल्यावर कळतं. मी याला फसवणूकच म्हणतो. खात्री द्यायची असेल तर कलम विका. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची 'कोकण प्रॉलिफिक' ही कापा जात आहेच.

नीरफणस हा तर भाऊबंद, वेगळीच प्रजाती. आठळी नाही, रवा लावून काप तळायचे. पण झाडावरून काढला की दोन-चार दिवसांत मऊ पडतो, म्हणून ऑर्डर हातात असेल तरच उतरवा.

आणि हिशोब करताना अख्ख्या फणसाचं वजन धरू नका. १० किलोचा फणस २०० रुपयांना घेतलात असं समजा. गरे निघतात ढोबळमानाने ३ किलो. म्हणजे किलोला ६६-६७ रुपये झाले, त्यात तेल, मजुरी, पॅकिंग अजून धरलेलंच नाही. आठळ्या वेगळ्या धुऊन, सुकवून विका, त्यालाही भाजीवाल्यांकडे मागणी असते.

तुमच्या पाकिटावर नुसतं 'फणस' लिहिलंय की 'कापा'? कमेंटमध्ये लेबलचा फोटो टाका, पुढच्या व्हिडिओत त्यावरच बोलू.