चिडीचूप पाळणाघर

आमच्या उपनगरांत एखाद्या पाळणाघराची स्तुती करावयाची झाली, तर ती एकाच वाक्यात केली जाते. “तिथे मुले अगदी चिडीचूप असतात, हो!” अंधेरी म्हणा, बोरिवली म्हणा, मुलुंड म्हणा की घाटकोपर म्हणा, एका आईने दुसरीला हे वाक्य सांगितले, की दुसरी निश्चिंत मनाने महिन्याचे पैसे भरून मोकळी होते. माझे म्हणणे असे, की हे वाक्य ऐकताच तिने पैसे पुन्हा पर्समध्ये टाकावेत आणि मुलाला कडेवर घेऊन तडक बाहेर पडावे. दोन-अडीच वर्षांची पंधरा-वीस मुले एका खोलीत दिवसभर चिडीचूप बसतात, ही गोष्ट निसर्गाच्या विरुद्ध आहे. आणि निसर्गाच्या विरुद्ध जे घडते, ते कोणीतरी घडवून आणलेले असते.

ऐन दिवाळीत हा कडू विषय कशाला, असे कोणी विचारील. पण नरकचतुर्दशीला पायाखाली कारीट फोडून, त्याचा कडू रस जिभेला लावूनच आपण फराळाला बसतो ना? हे तसलेच कारीट समजा.

प्रथम एक गैरसमज दूर करते. आयांनी नोकऱ्या सोडून घरी बसावे, असे सांगणाऱ्यांपैकी मी नव्हे. दोघांच्या पगाराशिवाय या मुंबईत घराचे हप्ते फिटत नाहीत, आणि एका पगारात फिटत असते तरी शिकलेल्या बाईने आपले काम का सोडावे? सातच्या सुमारास मुलाला पाळणाघरात सोडून, पदर किंवा ओढणी सावरीत, लोकल पकडायला धावणारी बाई चैन करायला जात नाही. पाळणाघर ही या शहराची गरज आहे. पाणी आणि रेल्वे यांच्याइतकीच. म्हणूनच ते कसे चालते, हे विचारण्याचा हक्क सर्वांना आहे.

शांत मूल विकत घेण्याची आपली परंपरा मात्र जुनी आहे. शंभर वर्षांपूर्वी याच मुंबईच्या गिरणगावात बाया कामावर जाताना तान्ह्या मुलाला ‘बाळागोळी’ देत. त्या गोळीत अफू असे. मूल दिवसभर निपचित पडून राही. रडत नसे, मागत नसे, कोणाला त्रास देत नसे. १९३१ च्या शाही मजूर आयोगाच्या अहवालानेही या प्रकाराची दखल घेतली. त्या बायांना दोष देण्याचा अधिकार मला वाटत नाही. मूल ठेवायला जागा नव्हती आणि साचा कोणासाठी थांबत नव्हता. गोळी देणारा हात आईचा होता. पण ती गोळी द्यायला लावणारे कोण होते, हे विचारायला नको काय?

आज अफू गेली. तिच्या जागी काय आले? डोळे वटारणे आले, “बागुलबुवा नेईल” आले, न्हाणीघरात कोंडणे आले, मांडीला चिमटा आला, आणि हे सारे नको असेल तेव्हा हातात मोबाइल देऊन मुलाला त्याच्यासमोर खिळवून ठेवणे आले. पद्धती बदलल्या, माल तोच. शांत मूल!

आणि कधी कधी मामला चिमट्यावर थांबत नाही. नोव्हेंबर २०१६ मध्ये खारघरच्या एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या मुलीला सांभाळणाऱ्या बाईनेच मारहाण केल्याचे कॅमेऱ्याच्या चित्रणात साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. मार्च २०२३ मध्ये कांदिवलीच्या एका प्लेग्रुपमधील दोन शिक्षिकांविरुद्ध लहान मुलांना मारल्याबद्दल पोलिसांनी गुन्हा नोंदविला. तेथेही कॅमेऱ्यानेच वाचा फोडली. ज्याला अजून बोलता येत नाही, त्याच्या वतीने यंत्राला बोलावे लागले. अशा बातम्या आल्या, की आपण चार दिवस “राक्षसीण! राक्षसीण!” म्हणून ओरडतो आणि पाचव्या दिवशी त्याच गल्लीत सर्वांत स्वस्त पाळणाघर कोणते, याची चौकशी करू लागतो.

मी म्हणते, राक्षसिणी शोधण्याआधी जरा हिशेब करा. इमारतीच्या तळमजल्यावर दोन खोल्या. त्यांत अठरा मुले. सांभाळायला एक मावशी आणि तिच्या हाताखाली एक पोरगी. एकाला शी झाली आहे, दुसऱ्याने तिसऱ्याला चावा घेतला आहे, चौथे तापाने किरकिरत आहे आणि पाचवे खिडकीच्या गजावर चढले आहे. मावशीला हात दोनच. अशा वेळी तिसऱ्या हाताचे काम चापटी करते. चापट ही पुष्कळदा दुष्टपणातून येत नाही. ती अपुऱ्या माणसांतून, तुटपुंज्या पगारातून आणि न मिळालेल्या शिक्षणातून येते. एवढ्याने ती क्षम्य ठरत नाही. तान्ह्या मुलाला रागाने गदागदा हलविले, तरी त्याच्या मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. पण ती चापट थांबवायची असेल, तर मावशीला हाकलून दुसरी मावशी आणणे पुरे नाही. हात वाढविले पाहिजेत.

राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने २०१७ मध्ये तीन ते सहा वर्षांच्या मुलांच्या खाजगी बालशाळांसाठी नियमावली काढली. वीस मुलांमागे एक शिक्षिका आणि एक मदतनीस, असे तीत सांगितले आहे. तीन वर्षांखालच्या मुलांना तर याहून अधिक हात हवेत, हे सांगायला आयोग कशाला? जुळ्यांच्या आईला विचारा! शाळेत मारण्यास २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने बंदी केली. पण तो कायदा मुख्यतः सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचा. म्हणजे ज्याला घरी येऊन सांगता येते, त्याच्यासाठी स्वतंत्र कलम. आणि ज्याला सांगता येत नाही, ते सर्वसाधारण कायद्याच्या भरवशावर! २०१५ च्या बाल न्याय कायद्याचे ७५ वे कलम मुलाशी क्रूरपणे वागणाऱ्या सांभाळकर्त्याला तुरुंगात पाठवू शकते, हे खरे. पण तुरुंग मार खाऊन झाल्यानंतरचा. त्याआधीचे काय?

“मग मुलांना शिस्त लावायचीच नाही काय? डोक्यावर बसवून घ्यायचे?” हा प्रश्न मला नेहमी विचारतात. शिस्त लावायची, अवश्य लावायची. पण शिस्त म्हणजे भीती नव्हे. चावणाऱ्या मुलाला आधी दूर करावे, ज्याला चावले त्याला जवळ घ्यावे, मग चावणाऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीवर बसून दोनच शब्दांत सांगावे: “चावायचे नाही. दुखते.” दोन वर्षांच्या मुलाला व्याख्यान कळत नाही, सूर कळतो. “धावू नकोस” म्हणण्याऐवजी “चालत ये” म्हणावे. खेळणे एकच असेल तर भांडण होणारच. तसली दोन ठेवावीत. जेवण, झोप, खेळ यांच्या वेळा रोज त्याच ठेवाव्यात, म्हणजे निम्मे हट्ट उगवतच नाहीत. आणि काही गोष्टी कधीही करू नयेत. मारू नये, कोंडू नये, खाऊ तोडू नये, चड्डी ओली केली म्हणून चारचौघांत हसे करू नये, आणि डॉक्टरने सांगितल्याखेरीज झोप आणणारे औषध तर मुळीच पाजू नये.

हे काही परदेशाहून आजच आलेले खूळ नव्हे. ताराबाई मोडकांनी गिजुभाई बधेकांच्या सोबतीने भावनगरला बालशिक्षणाचे काम केले, १९३६ मध्ये दादरला शिशुविहार काढला, आणि पुढे बोर्डीला व कोसबाडला अनुताई वाघांना बरोबर घेऊन आदिवासींच्या मुलांत त्या बसल्या. धाकदपटशा आणि मार यांवाचून मूल शिकते, हे त्यांनी प्रत्यक्ष करून दाखविले, आणि तेही हातात फारसा पैसा नसताना. ज्या महाराष्ट्राने देशाला ‘अंगणवाडी’ हा शब्द दिला, त्याच महाराष्ट्रातील बापाने पाळणाघराच्या दारात उभे राहून “दोन फटके द्या हो, आमची हरकत नाही!” असे सांगावे, याला काय म्हणावे?

“आम्हीही मार खाल्ला, आमचे काय बिघडले?” असे हेच गृहस्थ विचारतात. बिघडले ते हे, साहेब, की दुसऱ्याचे मूल मार खात असताना तुम्हाला काही वाटत नाही.

तेव्हा आईबापांनो, पाळणाघर निवडताना फरशी आणि भिंतीवरची चित्रे नंतर पाहा. आधी मुले मोजा आणि माणसे मोजा. न कळविता भरदुपारी जाऊन या. दारातच अडविले, तर उत्तर मिळाले. मावशीला पगार किती, तिला बसून जेवायला वेळ मिळतो का, हे विचारा. मूल चावले, रडले, चड्डीत झाले तर तुम्ही काय करता, हेही तिलाच विचारा. आणि तिचे उत्तर ऐकताना मुलाचे तोंड पाहा. महिन्याला पाचशे रुपये जास्त मागितले तर घासाघीस करण्यापूर्वी, ते तिसऱ्या हाताचे पैसे आहेत का, याची खात्री करून घ्या. असतील, तर मुकाट्याने द्या.

या आठवड्यात तुमच्या सोसायटीच्या आवारात पोरे किल्ला करीत असतील. खाली उतरून जरा पाहा. चिखल आहे, आरडाओरडा आहे, भांडण आहे. तरीही कोणी माती आणतो, कोणी पाणी, कोणी मावळे मांडतो, आणि बुरुज पाडणाऱ्या धाकट्याला थोरली ताई उचलून पायरीवर नेऊन बसविते आणि त्याच्या हातात अळीव पेरायला देते. हीच शिस्त. तिला आवाज असतो. ज्या घरातून तो येत नाही, तेथे मूल ठेवू नका.