आमचुराची पुडी

नर्मदेकाठचं मणिबेली हे आमचं गाव. इथला एक दादा कॉलेजसाठी नंदुरबारला खोली घेऊन राहिला. दिवाळीत घरी आला तो पार वाळून! रोज वडापाव, आणि महिनाअखेरीस पैसे संपले की उपास. घरी तो कधी चुलीपाशी बसलाच नव्हता ना!

मग धाकट्या बहिणीनंच त्याला शिकवलं. तुम्हीही शिका. अर्धी वाटी तूरडाळ धुऊन तासभर भिजवा. दोन वाट्या पाणी आणि चिमूटभर हळद घालून मऊ शिजवा. मग मीठ, तिखट आणि अर्धा चमचा आमचूर. आमचूर आधी नाही हं घालायचा! आंबटामुळे डाळ लवकर शिजत नाही. वरून लसणाची फोडणी. महागड्या टोमॅटोचं कामच नाही. आमच्या सातपुड्यात कैऱ्या वाळवून केलेला आमचूर वर्षभर पुरतो.

आता दादाच्या पिशवीत पुस्तकांशेजारी डाळ, ज्वारीचं पीठ आणि आमचुराची पुडी असते.

आईबाबांनो, या सुट्टीत मुलग्यांनाही चुलीपाशी बसवा बरं का! शेजारी तुम्ही मात्र हवंच.