आहे ती सावली आधी राखा

2020 साली, कोरोनाच्या वर्षात, वर्धा-सेवाग्राम रस्ता रुंद करायचा म्हणून गांधीकाळापासूनची झाडं आडवी केली गेली. सेवाग्राम आश्रमात 1936 साली बापूंनी लावलेला पिंपळ आपण पाहुण्यांना कौतुकानं दाखवतो. त्या पिंपळाकडे नेणाऱ्या वाटेवरची झाडं मात्र आपल्याला वाहतुकीचा अडथळा वाटली. वर्धेकर रस्त्यावर उतरले, म्हणून पुढची कुऱ्हाड थांबली. नाहीतर आज तिथे बुंधेसुद्धा दिसले नसते.

मला राग येतो तो ‘बदल्यात रोपं लावू’ या उत्तराचा. नवतप्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, तेव्हा त्या रस्त्यानं सायकलवर जाणाऱ्या पोरीला गुडघाभर रोप काय सावली देणार? आणि ते रोप पुढच्या उन्हाळ्यापर्यंत जगवणार कोण? लावण्याचा फोटो निघतो. पाणी घालण्याचं बिल निघत नाही, म्हणून पाणीही घातलं जात नाही.

राज्यानं 2021 मध्ये झाडांच्या 1975 च्या कायद्यात दुरुस्ती केली. 50 वर्षं ओलांडलेलं झाड ‘हेरिटेज वृक्ष’ ठरलं. ते तोडायचंच असेल तर जितकं त्याचं वय, तितकी झाडं लावायची. दुरुस्ती चांगली आहे. पण हा कायदा नागरी हद्दीपुरता. शहराची हद्द संपली की तोच कडुलिंब, तेवढ्याच वयाचा, त्या कायद्याबाहेर जातो. सेवाग्रामसारख्या रस्त्याला ही हद्दीची भाषा कशाला ऐकवता?

हद्दीच्या आतही काय चाललंय ते बघा. कोणत्याही नव्या फुटपाथवर जा. गट्टू थेट बुंध्याला भिडवलेले असतात, फटीत सिमेंट ओतलेलं. मुळाशी पावसाचा थेंब जात नाही. दोन-चार वर्षांत शेंडा वाळतो, मग ‘धोकादायक झाड’ म्हणून अर्ज होतो. राष्ट्रीय हरित लवादानं 2013 मध्ये दिल्लीत झाडाभोवती एक मीटर जागा मोकळी ठेवायला सांगितलं होतं. एक मीटर! तेवढी माती सोडायला कोणता निधी लागतो?

पाण्याचंही तेच. धाम नदी वर्ध्याला पाणी पाजते. येळाकेळी आणि पवनारहून ते उचललं जातं. त्याच पवनारला विनोबांचा आश्रम आहे, आणि तिथेच शहरभरच्या मूर्तींचं विसर्जन होतं. सेवाग्राम विकास आराखड्यात या काठाचं सुशोभीकरण झालं. काठ सजला. पात्राचं काय? 2019 च्या उन्हाळ्यात धाम प्रकल्प आटला, नळ कित्येक दिवसांआड आले, बायाबापड्या टँकरमागे धावल्या. त्या वर्षी नदीच्या वाहत्या पाण्याची किंमत कळायला हवी होती. फरशी, दिवे, कठडे यांनी पाणी वाढत नाही. धरणातला गाळ काढला, पाणलोटात पाणी अडवलं आणि मूर्तींसाठी वेगळे हौद केले, तर नदी टिकते. ही कामं दिसत नाहीत, त्यांच्या फिती कापता येत नाहीत, म्हणून ती मागे पडतात.

आपल्याला जमत नाही असं कुणी म्हणू नये. शहराला लागून असलेली हनुमान टेकडी बोडकी होती. वैद्यकीय जनजागृती मंचाच्या डॉक्टरांनी आणि नागरिकांनी श्रमदान करून तिथे झाडं लावली आणि उन्हाळ्यात पाणी घालून जगवली. दवाखाना सांभाळणाऱ्या माणसांना जे जमतं, ते पगारी खात्यांना का जमू नये?

म्हणून माझी मागणी सरळ आहे. वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगाव, देवळी, सिंदी – प्रत्येक नगर परिषदेनं, आणि हद्दीबाहेर ग्रामपंचायतीनं, आपल्या हद्दीतली जुनी झाडं, तलाव, नाले आणि सार्वजनिक विहिरी यांची यादी दारावर लावावी. झाडाचं वय, विहिरीची आजची पातळी आणि जबाबदार अधिकाऱ्याचं नाव त्यात हवं. रस्त्याचा नकाशा मंजूर होण्याआधी ती यादी ग्रामसभेत आणि वॉर्डात वाचली जावी. सुशोभीकरणाचा पुढचा रुपया त्यानंतरच द्यावा.